मुलगा घराबाहेर पडेना

सिनेमा बघताना आमच्या तंजावूरची माणसं गप्प बसत नाहीत. जुन्या बस स्टँडकडच्या थिएटरात नायक एकटाच अंधाऱ्या गोदामाकडे निघाला, की मागच्या रांगांतून हमखास ओरडा होतो, "पोगादे, पोगादे!" जाऊ नकोस, जाऊ नकोस! तो जातोच. मार खातो, तो वेगळा. पडद्यावरचा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि मला सिनेमात हेच तर आवडायचं. लिहिणाऱ्याने ठरवलं म्हणजे ठरलं. घरात माझं कोण ऐकतं?

मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो. आठवडाभर डेबिट-क्रेडिट, आणि रविवारी सकाळी पटकथा. स्कूटर काढायची, तिरुवैयारुला जायचं, कावेरीच्या पायऱ्यांवर बसून लिहायचं. केस काळे होते तेव्हापासून हे चाललंय. लिहिलेलं चेन्नईला कुणाकुणाला पाठवलं. कुणी वाचलं की नाही देव जाणे. अरे, आवडलं नाही तर तसं कळवा की लेको, पण एक ओळ तरी लिहा! माझी बायको म्हणायची, "तुमचे सगळे सिनेमे मी बघितलेत, फक्त ते निघायचे राहिलेत." ती थट्टाच करायची, पण मला ते लागायचं. माझ्या हातचा एक तरी सीन कुठेतरी हलताना-बोलताना दिसावा, एवढीच इच्छा होती. ती इच्छाही दरवर्षी थोडी थोडी बारीक होत चालली होती.

आमच्या घरात खाली दादा-वहिनी आणि वर आम्ही दोघं. दादाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, चेन्नईत एका मैत्रिणीबरोबर व्हिडिओ गेम बनवते. मला गेम म्हणजे धावणं आणि गोळ्या घालणं एवढंच ठाऊक. एका दिवाळीला तिने तिचा लॅपटॉप टीव्हीला जोडला, माझ्या हातात कंट्रोलर दिला आणि म्हणाली, "काका, हा सिनेमासारखा आहे. बघा तरी." पावसात भिजलेलं एक गाव होतं आणि त्यातून एक म्हातारा आपलं हरवलेलं कुत्रं शोधत फिरत होता. काय ते फोटोग्राफीचं काम! पण म्हातारा माझ्या हातात आल्यावर भिंतीला धडका मारत सुटला. मध्येच कधीतरी गेम स्वतःच चालायचा, कॅमेरा वर उठायचा, दोन माणसं बोलायची. त्याला कटसीन म्हणतात. मी म्हटलं, "हे कटसीन तेवढे ठेवा आणि बाकीचं काढून टाका. झाला सिनेमा." पुतणी पोट धरून हसली.

तरी तिनेच मला काम दिलं. त्या दोघी एक छोटा गेम करत होत्या. तंजावूरचं एक घर, आपल्यासारखीच मराठी माणसं, आणि त्या घरातल्या एका आईचं आयुष्य. बोलणं आपल्या घरच्या मराठीत, तमिळ मिसळून, जसं असतं तसं. पडद्यावर खाली तमिळ आणि इंग्लिश अक्षरं. "पहिला सीन तुम्ही लिहा," ती फोनवर म्हणाली. मी फोन ठेवला, बायकोला हाक मारली आणि ती येईपर्यंत नवी वही उघडून बसलोसुद्धा.

सीन असा होता. मुलगा परदेशात नोकरीला चाललाय. दुपारचं जेवण व्हायचंय, संध्याकाळची गाडी पकडायची आहे, घरात आई एकटी. खेळणारा म्हणजे ती आई. तिने वाढायचं, कॉफी द्यायची, आणि शेवटी बटण दाबून दार उघडायचं. दार उघडलं की मुलगा बॅग उचलून निघतो, मागे वळून बघत नाही. मी त्यापुढे गाडीही लिहिली होती. पापनाशमच्या भातखाचरांतून चाललेली गाडी, खिडकीत मुलाचा चेहरा, उतरतं ऊन. पुतणीने ते सगळं कापलं.

"आई घरात आहे, काका. तिला पापनाशम कसं दिसेल?"

"प्रेक्षकांना दाखवायचं!"

"प्रेक्षक कुठे आहेत इथे? जो आहे तो आईच्या आत आहे."

मी दिवसभर फुगून बसलो. मग कबूल केलं, कारण तिचं खरं होतं.

तिची मैत्रीण तिरुनेल्वेलीकडची, तमिळ, मोजकं बोलणारी. कुठला सीन ठेवायचा, कुठला काढायचा, हे तिच्या हातात. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, की खेळणारा पहिल्याच खोलीत अडकला तर गेम बंद करून निघून जातो. तुमच्या घरच्या माणसांना खेळायला द्या, अडकली तर हा सीन काढू आणि मुलगा गेल्यानंतरच गोष्ट सुरू करू. सरळ बाई. पण माझं काय? इतक्या वर्षांनी एक सीन बनला होता, आणि तो माझ्या घरच्या माणसांच्या हातात होता!

पोंगलला पुतणी लॅपटॉप घेऊन आली. पहिली बसली माझी बायको. तिने मुलाला कॉफी दिली. मग आणखी दिली. त्याने टंबलर खाली ठेवला की ही भरणार. मी म्हटलं, "अगं, गाडी चुकेल त्याची!" तर म्हणते, "चुकू दे. उद्या जाईल." मग दादा बसला. गेममधल्या घरात ऊंजल आहे, आमच्याकडे आहे तसाच सागवानी झोपाळा. दादाने आईला त्यावर नेऊन बसवलं आणि झोके घेत राहिला. "बरं आहे की," म्हणाला. अर्धा तास मुलगा बॅगेशेजारी उभा!

वहिनी शेवटी बसल्या. वहिनी बँकेत मॅनेजर होत्या, त्या केबिनमधून बाहेर आल्या की खुर्च्या सरकायच्या. मला वाटलं, या तरी दार उघडतील. त्या मुलाकडे गेल्याच नाहीत. स्वयंपाकघरात शिरल्या आणि एकेक झाकण उघडून बघायला लागल्या. फडताळ उघडलं. फ्रिज उघडला. पुन्हा पहिल्यापासून.

"वहिनी, दार समोर आहे. ते मोठं बटण दाबा."

"कळतंय मला, भाऊजी."

"मग दाबा ना!"

"थांबा हो जरा."

थोड्या वेळाने त्यांनी कंट्रोलर ठेवून दिला आणि खऱ्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. पुतणी माझ्याकडे बघेना. मला सगळ्या घराचा असा राग आला म्हणून सांगू! एका माणसाला साधं दार उघडता येऊ नये?

दुसऱ्या दिवशी पुतणीने उपाय काढला. दाराजवळचा भाग कटसीन करून टाकला. जेवण झालं की कंट्रोलर बंद, मुलगा आपला आपण उठतो आणि जातो. मी म्हटलं, वा! हाच तर सिनेमा. वहिनींना पुन्हा बसवलं. मुलगा उठला, दार उघडलं, ऊन आत आलं, तो गेला. मी लिहिलं होतं अगदी तसं. पण वहिनींचा अंगठा बटणं दाबतच होता. पडद्यावर काहीच होत नव्हतं, तरी त्या दाबत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मग हे माझ्या हातात कशाला दिलंत? टीव्हीच लावायचा होता."

"सगळ्यांच्या मर्जीने गोष्ट चालत नसते, वहिनी!" मी ओरडलो आणि तणतणत वर गेलो. बायको समजवायला आली, तिलाही तोडून बोललो. खरं सांगायचं तर राग कमी होता, भीतीच जास्त होती. हे गेलं तर पुढचं कोण देणार मला? या वयात?

सकाळी वहिनी स्वतः वर आल्या. हातात कॉफीचा डबरा-टंबलर, पेला आणि खाली वाटी. म्हणजे समेट करायचा होता. माझ्यासमोर ठेवला आणि बसल्या.

"भाऊजी, एक विचारते, रागावू नका. तुमच्या त्या आईच्या घरात दही कुठे आहे?"

"दही?"

"पोरगा इतका लांब चाललाय. त्याच्या हातावर दही न ठेवता दार कसं उघडू? सगळी भांडी बघितली मी. विरजणसुद्धा नाही हो त्या घरात!"

मी उचललेला टंबलर तसाच खाली ठेवला. मी पहिल्या नोकरीला निघालो तेव्हा, परीक्षांना निघालो तेव्हा, इतकंच काय, साध्या मुलाखतीला कुंभकोणमला गेलो तेव्हाही आईने तळहातावर दही ठेवलं होतं. आजूबाजूच्या तमिळ घरांत हे नाही, आपल्यातच आहे. आणि मी ते सीनमध्ये घातलंच नाही, कारण मला ते कधी करावं लागलं नव्हतं. मी नुसता हात पुढे करायचो. लिहिताना आईचं नाव घेतलं खरं, पण उभा राहिलो होतो तो मुलाच्याच जागेवर, बॅग घेऊन, दाराकडे तोंड करून. मला बाहेर पडायची घाई होती. आईला ती कशी असेल?

"अय्यो, वहिनी," एवढंच म्हणालो. त्या हसल्या. कॉफी निवण्याआधी प्या म्हणाल्या.

मग आम्ही कामाला लागलो. पुतणीने काचेच्या बरणीतलं दही बनवलं, चमचा बनवला, वहिनींनी दही हलायला कसं पाहिजे यावरून तिला हैराण केलं. "हे ताक आहे. दही असं पडत नाही. गोळा पडतो." मुलगा आता जेवण झाल्यावर दारापाशी उभा राहून उजवा तळहात पुढे करतो आणि बोलत काही नाही. बटण दाबून धरलं की चमचा त्याच्या हातावर येतो. जोवर दाबून धराल तोवर चमचा तिथेच. सोडलं की दही पडतं, तो ते खातो, आणि मगच दार उघडतं. पुतणीला एकदाच टिचकी मारायचं बटण हवं होतं. मी म्हटलं, मुळीच नाही, धरूनच ठेवायचं. सिनेमात मी हातावरून थेट रस्त्यावर कापलं असतं, आणि ते बरोबरही असतं. इथे कात्री खेळणाऱ्याच्या हातात देऊन बसायचं होतं. हे शिकायला मला माझी सगळी रविवारची शाळा पुरली नव्हती.

घरातली सगळी जणं भराभर पार झाली. पण घरातल्यांचं काय, त्यांना दही ठाऊक आहे. खरी परीक्षा पुतणीच्या मैत्रिणीची होती. तिच्या घरी दही म्हणजे भाताबरोबरचं. तिला हे नुसतं खाणंपिणं वाटलं, ती अडखळली, की सीन गेला. ती एका शनिवारी सकाळच्या गाडीने आली, आमच्याकडे इडली खाल्ली आणि म्हणाली, "मला आधी कुणी काही सांगू नका." मग कंट्रोलर घेऊन टीव्हीसमोर मांडी घालून बसली. मी तिच्या मागे. पहिल्यांदा वर्गावर गेलो होतो तेव्हासारखा सारखा चष्मा पुसत होतो.

तिने वाढलं. कॉफी दिली, एकदाच. मुलगा उठला, बॅग दारापाशी ठेवली, हात पुढे केला. ती हाताकडे बघत राहिली. त्याला काय हवंय ते तिला कळेना. कॉफी नेऊन बघितली, तो घेईना. पाणी नेलं, तो घेईना. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती बरणीपाशी होती. चमचा भरला, परत आली, बटण दाबलं. चमचा त्या तळहातावर येऊन थांबला.

आणि तिथेच राहिला. ती सोडेना.

अडकली, मला वाटलं. संपलं. पुतणीने ओठ चावला. "बटण सोड" म्हणायला मी तोंड उघडलं, तर वहिनींनी माझा दंड असा दाबला की शब्द आतच राहिला.

मागे न वळता तिने तमिळमध्ये विचारलं, "हे दिलं की तो जाणार ना?"

तिचा अंगठा दाबून दाबून पांढरा पडला होता.

"हा सीन काढायचा नाही," ती म्हणाली. मग लहान मुलीसारखी माझ्याकडे वळली. "अंकल, मी अजून थोडा वेळ देत नाही. चालेल?"

मी चष्मा काढून डोळे पुसले आणि तो पुन्हा लावला.

"चालेल की," मी म्हणालो. "गाडीला वेळ आहे अजून."