सातव्या पॅनेलची शांतता

घाटगे बाईंचे नाव आधी घेतो. बाकी कुणाचेच घेणार नाही. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिला. कॉलेजचा फॉर्म बाईंनी समोर बसवून माझ्याकडून भरून घेतला. शाळेच्या विज्ञानाच्या वहीत निरीक्षणाच्या जागी निष्कर्ष लिहिला की त्या पान फाडायच्या. "आधी काय दिसलं ते सांग." पुढे नोकरीभर पंचनामे लिहिले, ते त्याच धाकात.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी सौदीत, अबकैकजवळच्या एका कारखान्यात तपास अधिकारी झालो. तिथली एक चौकशी अजून डोक्यातून जात नाही.

उच्च दाबाच्या विजेचे सातवे पॅनेल जळाले. माणसे वाचली, अर्धा कारखाना बंद पडला. आठवड्यापूर्वीच रत्नागिरीकडच्या एका तरुण तंत्रज्ञाने ते अल्ट्रासाउंडच्या यंत्राने तपासले होते. आत विजेची गळती सुरू झाली की उघड्या कानाला न कळणारा आवाज होतो. यंत्र तो दाराच्या फटीतून पकडून हेडफोनमध्ये ऐकवते. फॉर्मवर त्याने लिहिले होते: आवाज नाही.

"तो गाडीत एसी लावून फॉर्म भरतो," त्याच्या मॅनेजरने मला खबर दिली. हा पुण्याचा. अहवालही टाइप करून आणला होता. माझी सही झाली की तंत्रज्ञाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द आणि घरी रवानगी.

इतकी तयार खबर आली की मी आधी घटनास्थळी जातो. तंत्रज्ञाला तिथेच बोलावले.

"बाकीच्या पॅनेलमधून काय ऐकू आलं?"

"थोडी गुणगुण सगळ्यांतून येते, साहेब. सातव्यातून तीपण नव्हती."

"नवल नाही वाटलं?"

"फॉर्मात नवलाचा रकाना नाही." मग खाली बघत म्हणाला, "फटीवर टेप होता. धुळीच्या वादळाआधी मॅनेजरसाहेबांनीच लावायला सांगितलेला. मला वाटलं, बरं काम झालं."

जळक्या दाराच्या कडेला टेपचा डिंक अजून चिकटलेला होता. चौथ्या पॅनेलमधून चरचर येत होती. ते दुरुस्तीच्या यादीत होते. मॅनेजरला हेडफोन घालायला लावला आणि बाहेरून फटीवर टेप मारला. आवाज गेला तसा त्याचा चेहरा उतरला. टेप काढला, तो दचकला.

हेडफोन काढून तो म्हणाला, "साहेब, हे तुमचं ठाणं नाही. सही करा, खलास. करार तुमचाही संपत आलाय."

"ठाणं नाही, पण सही माझी आहे. ती या कागदावर होणार नाही."

नवा अहवाल हाताने लिहिला. टेप कुणी लावायला सांगितला तेही लिहिले, आणि टेप पाहूनही तंत्रज्ञ गप्प राहिला तेही. त्याला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मी एवढे शिकलो, की ज्याला घाई असते तो निष्कर्ष आधी टाइप करून आणतो. त्याला थोपवायला फार हुशारी लागत नाही, जागचे न हलणे पुरते.

त्या आठवड्यात बाईंना पत्र टाकले:

"आदरणीय बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.
साहित्य: एक यंत्र, वीतभर टेप.
कृती: टेप लावला, काढला.
निरीक्षण: लावल्यावर आवाज गेला, काढल्यावर आला. माझा करार वाढवलेला नाही. पुढच्या महिन्यात घरी येतो.
निष्कर्ष: मुलगा खरे बोलत होता.
बाई, हे पान फाडून दाखवा."