कोऱ्या लेटरहेडवरच्या सह्या

सत्काराचं पत्र आलं तेव्हा सुवर्णा सासूबाईंचं अंग पुसत होती. दौंडच्या ख्रिस्ती सिस्टरांनी चालवलेल्या मुलींच्या शाळेनं नाव कमावलेल्या माजी विद्यार्थिनींना बोलावलं होतं. तिचे वडील बिरदेव मेंढरं विकून शेतीला लागले, तेव्हा त्यांनी तिला त्या शाळेच्या वसतिगृहात ठेवलं होतं. वस्तीवरची पहिली डॉक्टर तीच.

कारेगावात तिच्या नावाचा दवाखाना होता, शेजारी नवऱ्याचं, सुदर्शनचं मेडिकल. पाच वर्षांपूर्वी सासूबाईंना लकवा झाला. चार महिने घरी थांब, असं सुदर्शन म्हणाला. तेवढ्यात कंपाउंडर सावळाराम पेशंट तपासू लागला, आणि ते चार महिने संपलेच नाहीत. दर सोमवारी सुदर्शन कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा सह्यांसाठी तिच्यापुढं ठेवायचा; सहीच्या वर औषधं सावळाराम लिहायचा. पहिल्यांदा तिनं नको म्हटलं होतं. पुढं तेही म्हणेनाशी झाली.

सत्काराला जायचं नाही, असं तिनं ठरवलं. पण सुदर्शननं परस्पर होकार कळवला होता, तिची माहितीही लिहून पाठवली होती.

सभागृहात तिच्या खांद्यावर शाल पडली आणि मुख्याध्यापिका ती माहिती वाचू लागल्या. एमआयडीसीतल्या हजारो कामगारांची सेवा, रोज सकाळ-संध्याकाळ रुग्णतपासणी. सुदर्शन पुढच्या रांगेतून मोबाइलवर शूटिंग करत होता. मुली टाळ्या वाजवत होत्या. बोलायला उभं केलं तेव्हा सुवर्णा नुसतं धन्यवाद म्हणाली.

चहाच्या वेळी एक बाई जवळ आली. सुषमा, कारेगावची, कंपनीत पॅकिंगला जाणारी. तिची मुलगी याच वसतिगृहात होती. तिनं पर्समधून औषधाची एक चिठ्ठी काढली.

"मॅडम, आमी तुमच्याच दवाखान्यात येतो. तुमी कवा दिसत न्हाई. सावळाराममामांनी माज्या सासूला इंजेक्शन दिलं आन् तिला श्वास घेता येईना. शिरूरला न्यावं लागलं."

"आता कशा आहेत?"

"हायत बऱ्या. पन चिठ्ठीवर सही तुमची हाय, म्हनून इचारलं."

सही तिचीच होती.

तिला शिकवलेल्या सिस्टर फिलोमिना आता थकल्या होत्या, कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. सुवर्णा त्यांच्याजवळ गेली आणि शाल त्यांच्या मांडीवर ठेवली.

"सिस्टर, वाचलं त्यातलं काही खरं नाही."

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सही करताना तुझा हात कोणी धरतं का?"

"नाही."

शाल त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली.

गाडीत सुदर्शन सत्काराच्या फोटोंबद्दल बोलत राहिला. सोमवारी त्यानं गठ्ठा आणला. सुवर्णानं पेन उचललं नाही. मी दवाखान्यात बसेन, सावळाराम पेशंटला हात लावणार नाही, एवढंच तिनं सांगितलं.

"आन् आईकडं कोन बघनार?" सुदर्शन म्हणाला. संध्याकाळी त्यानं दवाखान्याला कुलूप घातलं.

याला आता महिना झाला. तो तिच्याशी बोलत नाही. सावळारामनं दुसरीकडं काम धरलं. शेजारच्या शेवंताबाई रोज सकाळी सासूबाईंजवळ बसायला तयार आहेत, हे सुवर्णानं त्याला दोनदा सांगितलं. दवाखान्याची किल्ली अजून त्याच्याच खिशात आहे.