बोट कुठे थांबलं ते पाहणाऱ्या मॅडम

सुनंदा पगारे मॅडमची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं तेव्हा. तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला असताना मी ग्रंथालयासाठी पुस्तकं शोधण्याचं एक सॉफ्टवेअर केलं होतं आणि ते दाखवताना माझी छाती अंमळ फुगलेली होती. मॅडमनी ते स्वतः पाहिलंच नाही. ग्रंथालयातल्या शिपाई कुसुममावशींना बोलावून त्यांनी खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाल्या, "हात मागे बांध. तोंड बंद. मावशी पुस्तक शोधतील, आपण बघू." मावशींचं बोट इकडेतिकडे फिरलं आणि एका जागी थांबलं. मला राहवेना. "अहो मावशी, ते खालचं बटण!" मी ओरडलो. मॅडमनी शांतपणे दाराकडे बोट दाखवलं. तास संपल्यावर बाहेर येऊन म्हणाल्या, "बटण दाखवायला तू काय मावशींच्या घरी राहायला जाणार आहेस?"

त्या मॅडम येत्या महिन्यात साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे 'हात मागे' या दोन शब्दांबद्दलच लिहायला हवं. आम्ही पडद्याकडे पाहायचो, त्या माणसाच्या बोटाकडे पाहायच्या. बोट कुठे अडखळलं ते त्यांच्या वहीत टिपलेलं असायचं. एवढ्यावर त्या एखाद्या हुशार पोराचं दोन महिन्यांचं काम निकालात काढायच्या, आणि ते पोर बहुधा मीच असायचो.

पुढे पुण्यातली माझी नोकरी गेली आणि मी पिंपळगावला घरी येऊन बसलो. वडील द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कामाला. ते लोकांना सांगत, "पोराचं घरूनच काम चालतंय." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मॅडमना कुठून कळलं देव जाणे. फोन आला, "उद्या दहाला नाशिकरोडला ये. डबा आण, मी एकाचाच करते." मी डबा घेऊन गेलो, तर टेबलावर दोन डबे होते. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिथेच आहे. चहा मात्र मॅडमनी करू नये, अशी इथल्या सगळ्यांचीच नम्र विनंती आहे.

तोवर मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घराच्या पुढच्या दोन खोल्यांत 'पेटी' सुरू केली होती. पेटी म्हणजे फाइल कुलूप लावून ठेवण्याचं आणि पाठवण्याचं सॉफ्टवेअर. पाठवणारा आणि ज्याला पाठवली तो, या दोघांशिवाय ती कोणालाही उघडता येत नाही. अगदी आम्हालाही नाही. अशी सॉफ्टवेअर जगात पुष्कळ आहेत, पण पहिल्या पाच मिनिटांतच नवा माणूस हात टेकतो. मॅडमनी 'कूटबद्धीकरण पूर्ण' हा माझा लाडका शब्दप्रयोग खोडून 'कुलूप लागलं' असं लिहिलं. मला ते पोरकट वाटलं होतं. येवल्याच्या एका पैठणी विणकराला मात्र ते वाचताक्षणी कळलं.

रघुनाथकाका हे त्यांचं नाव. त्यांनी काढलेली एक नक्षी मागे एका व्यापाऱ्याला फोनवरून पाठवली होती. ती हातोहात फिरली आणि काकांची साडी मागावरून उतरायच्या आत यंत्रमागावर तिची नक्कल निघाली. म्हणून नव्या पदराची नक्षी त्यांनी फोटो काढून पेटीत ठेवली. डाळिंबाची फांदी आणि तिच्यावर पाठमोरी बसलेली मुनिया. वर्षभराचं काम होतं ते. घरात राहिला तर कुणाच्या तरी नजरेस पडेल म्हणून नक्षी काढलेला चौकटींचा कागदही त्यांनी फाडून टाकला.

फोन हरवला किंवा बिघडला तर पेटी पुन्हा उघडण्यासाठी आम्ही तेव्हा प्रत्येकाला बारा शब्द द्यायचो. त्याखालचं वाक्य मी लिहिलं होतं : 'हे शब्द अत्यंत गुप्त आहेत. कोणालाही दाखवू नका.' काकांनी ते शब्द स्वतःच कागदावर लिहून घेतले, पाठ केले आणि कागद दिव्यावर जाळला. पुढे काकांचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. नव्या फोनवर पेटीने बारा शब्द मागितले. काकांना सात आठवले. सातावर पेटी उघडत नाही.

"स्पष्ट लिहिलं होतं की आपण!" मी ऑफिसात म्हणालो.

"लिहिलंस स्पष्ट, आणि त्यांना कळलंही स्पष्ट," मॅडम म्हणाल्या. "चल, येवल्याला जायचंय."

एसटीने गेलो. मॅडमनी काकांसमोर सतरंजीवर बसून हात जोडले. म्हणाल्या, "तुमची नक्षी आम्हाला परत आणता येणार नाही. चूक तुमची नाही, आमची आहे." मान खाली घालायची वेळ खरं तर माझी होती. त्यांनी माझं नावही घेतलं नाही. या घटकेपर्यंत घेतलेलं नाही, म्हणून इथे मीच ते सांगून टाकतो.

काकांनी मागावरचा धागा सारखा केला. मग म्हणाले, "तुम्हीच म्हनले ना, कुनाला दावू नका? मंग कागद ठिवायचा कशाला?"

मॅडमनी विचारलं, "पूर्वी नक्षी कशी जपायचे तुमच्याकडे?"

"आमच्या आज्याच्या टायमाला काठाचा कागद आमच्याकडं आन् पदराचा चुलत्याकडं. दोघं बसल्याबिगर साडी व्हत नाय. एकाचा गेला तरी बोंब नाय, दुसऱ्याला ठावं असायचं."

परतीच्या एसटीत निफाड येईपर्यंत मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. मग वही मिटून म्हणाल्या, "बारा शब्द काढून टाक." त्यातून पेटीची आजची रीत आली. आपण आपल्या भरवशाची दोन माणसं निवडायची. आपला फोन गेला, तर दोघांनी आपापल्या फोनवर 'हो' म्हटलं की नव्या फोनवर पेटी उघडते. एकट्याच्या हाती काहीच लागत नाही. पाठ करायला नको, जाळायला नको. आज नवी माणसं चहा निवायच्या आत पेटी सुरू करतात.

काका मात्र पेटीकडे परत यायला तयार नव्हते. "लय झालं मॅडम, मला आता नको." मी त्यांना पटवायला निघालो, तर मॅडमनी पुन्हा 'हात मागे' म्हणून मला थांबवलं. फोन घेऊन म्हणाल्या, "काका, तुमचं काही ठेवू नका. माझी किल्ली सांभाळाल का? दोघांतले एक तुम्ही व्हा."

पलीकडून काका म्हणाले, "माझ्याकडूनच तर हरवलं सगळं."

"तुम्ही कागद जाळलात, पण कोणाला दाखवला नाहीत. तुमच्याइतकं गुपित जपणारं माणूस मला दुसरं माहीत नाही."

दुसरा माणूस म्हणून मॅडमनी मला नेमलं. का, ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही मॅडमना साठीची आगाऊ भेट म्हणून नवा फोन दिला. त्या खुर्चीत बसल्या, मी मागे हात बांधून उभा. त्यांचं बोट एका जागी थांबलं. मी ओठ घट्ट मिटून धरले. मग माझ्या फोनवर विचारणा आली, मी 'हो' म्हटलं. येवल्याहून काकांनी 'हो' म्हटलं. पेटी उघडली आणि आत एक नवी फाइल होती : डाळिंबाची फांदी, वर मुनिया. खाली काकांचा निरोप, 'पहिली काय हुबेहूब आठवंना. ही निराळी हाय. सगळ्यात आधी तुमाला धाडली.'

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं आणि हात मागेच ठेवले.

मॅडम, तुमचे अजून पुष्कळ फोन जुने होवोत. दर वेळी नवा फोन हातात घेऊन तुम्ही ठणठणीत तब्येतीने त्या खुर्चीत बसा आणि आम्हा दोघांना विचारा. आम्ही 'हो' म्हणायला बसलोच आहोत, एक नाशिकरोडला, एक येवल्याला.