कापून टाकलेली शांतता

तिला सगळे ठिणगी म्हणत. हे नाव बँडमधल्या पोरांनी ठेवलं, तेव्हा ती विशीत होती आणि ऑर्गन वाजवायची. आता पन्नाशी उलटून गेली होती, ऑर्गन आतल्या खोलीत चादरीखाली झाकलेला होता आणि ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. नाव मात्र टिकलं, कारण स्वभाव टिकला. लॅबमध्ये नवा आलेला माणूससुद्धा दोन दिवसांत तिला ठिणगीताई म्हणू लागायचा, आणि का म्हणतात हे त्याला विचारावं लागायचं नाही.

बँडमध्ये चौघं होते. ठिणगी ऑर्गनवर. ड्रमवर मुका, जो अगदीच गरज पडली तर बोलायचा. गिटारवर लांब्या, जो पुढे दूरदेशी गेला तो गेलाच. आणि गाणारा होता राजे. त्याला राजे हे नाव कुणी दिलं नव्हतं, ते त्याने स्वतःच घेतलं होतं. एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत ते सराव करायचे. खालून वाफ यायची, कपड्यांना कायम साबणाचा वास. वाजवायचे ते प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे गाणं तीन-चार मिनिटांत आटपायचं नाही. ते कादंबरीसारखं प्रकरणाप्रकरणाने पुढे सरकायचं, मधेच ताल बदलायचा, आणि सुरुवातीला सहज कानावरून गेलेली एखादी साधी धून शेवटी अशा काही थाटात परत यायची की ऐकणाऱ्याच्या अंगावर सरसरून काटा यावा.

त्यांचं सगळ्यात मोठं गाणं होतं ‘बोगदा’. दोन बाजूंनी डोंगर खणत येणाऱ्या माणसांचं. एका बाजूने गिटार आणि ड्रम सात मात्रांत खणायचे, दुसऱ्या बाजूने ठिणगी एकटी पाच मात्रांत. दोन्ही एकमेकांवर आदळायचे, चुकल्यासारखे वाटायचे, ऐकणारा कासावीस व्हायचा. मग फिरत फिरत सात आणि पाच एका ठिकाणी गाठ घ्यायचे, आणि तिथे सगळेच थांबायचे. पूर्ण शांतता. एखाद्याला वाटावं संपलं वाटतं, इतकी. आणि त्या शांततेतून ठिणगीचा ऑर्गन सुरुवातीची धून घेऊन उठायचा, दोन्ही हातांनी, पायाखालच्या पट्ट्यांच्या खर्जासकट, मागून मुक्याचा ड्रम.

ही शांतता कुणी बसून रचली नव्हती. सरावात एकदा लाँड्रीचा फ्यूज उडाला होता. गिटार गेली, ऑर्गन गेला, मुक्याने अंधारात काठ्या थांबवल्या. चौघांना एकमेकांचे श्वास ऐकू येत होते. दिवे आले तेव्हा ठिणगीला काय वाटलं कोण जाणे, तिने आहे तेवढ्या ताकदीने पहिली धून दाबली. वाजवून झाल्यावर लांब्याने शर्टाची बाही वर करून दंड दाखवला. केस ताठ उभे होते. मुका म्हणाला, “हे ठेवू.” त्या महिन्यात तो बहुधा तेवढंच बोलला.

त्यांनी ते ठेवलं. रेकॉर्डही काढली. फार कुणी घेतली नाही, बँड फुटला, ज्याच्या-त्याच्या मागे पोटापाण्याचं लागलं. ठिणगीने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका शांत माणसाशी लग्न केलं, एक मुलगी झाली, मेणात दात बसवता बसवता वर्षं गेली. तिला त्याचं दुःख नव्हतं. आपण एकदा काहीतरी पुरतं केलं आहे, एवढं तिला पुरायचं.

आणि मग एका संध्याकाळी लेक फोन नाचवत घरी आली.

“आई, तुमचं बोगदा परत आलंय! राजेकाकांनी नवीन करून टाकलंय. किती लोक ऐकतायत बघ तरी!”

ठिणगीने हात पुसले, चष्मा लावला, फोन कानाशी धरला. पहिल्याच क्षणाला ती धून आली. शेवटी यायची ती, सगळ्या थाटासकट, दारात पाऊल ठेवायच्या आत अंगावर. मग राजेचं थोडं गाणं, मग पुन्हा तीच धून. सात मात्रा नाहीत, पाच नाहीत. लांब्याची गिटार कुठेतरी लांबून कण्हल्यासारखी. तिने वाट पाहिली. शांतता आलीच नाही. गाणं संपलं.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच. छान केलंय ना?”

ठिणगी स्वयंपाकघरात गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला काढली. त्या आदळआपटीने नवरा बाहेरच्या खोलीतून उठून आला.

“अगं, माणसं लिफ्टमध्ये अडकतात तरी एवढी चिडत नाहीत.”

“त्यांना कुणीतरी बाहेर काढतं,” ती म्हणाली. “याने मधला डोंगरच उडवलाय. डोंगर नाही तर बोगदा कसला? भोक पाडलंय नुसतं हवेत!”

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने एका कवळीत दोन सुळे उलटसुलट बसवले. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मेण वितळवून एक सुळा परत काढला, दुसरा राहिला. तिने ते तसंच ठेवलं, ॲप्रन खुंटीला टांगला आणि थेट राजेचा स्टुडिओ गाठला.

राजे आता जाहिरातींना संगीत द्यायचा. पोट सुटलं होतं, केस काळेभोर होते, खुर्ची गोल फिरणारी होती. तिला पाहून त्याने दोन्ही हात पसरले.

“ठिणगी! ऐकलंस ना?”

“शांतता कुठे गेली?”

“बस तरी आधी.”

“शांतता कुठे गेली, राजे?”

त्याने सुस्कारा सोडला. “हे बघ, आता लोक थांबत नाहीत. आवाज गेला की त्यांना वाटतं संपलं, ते दुसरं गाणं लावतात. सगळं मोजता येतं आता. लोकांना तो क्षण हवा असतो, काटा आणणारा. मग त्यांना तो आधीच दिला. काय बिघडलं?”

“काटा म्हणजे काय नळ आहे का? फिरवला की आला?”

“अगं, पण येतोय लोकांना! पत्र— मेसेज येतात रोज.”

“तुला आला?”

राजे खुर्चीत जरासा फिरला. “मी ते हजारदा ऐकलंय. मला कसा येईल?”

“मी पण हजारदा वाजवलंय. मला दर वेळी आला. कारण दर वेळी मी खणत गेले, तू नुसता पलीकडे उभा राहून टाळ्या घेतल्यास.”

तो खरं तर चिडायला हवा होता. पण राजेची हीच खुबी होती, त्याला राग आला की तो गोड व्हायचा. त्याने खुर्ची जवळ ओढली. मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरलाय म्हणाला. जुने इथे आहेत ते सगळे हवेत. ड्रमवर मुका, ऑर्गनवर ठिणगी.

“पूर्ण वाजवायचं?” तिने विचारलं.

“पूर्ण.”

“शांततेसकट?”

“अगं हो गं बाई. सकट.”

मुका आता गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या धंद्याला बोलणं फार लागत नसे. “ब्रेक” आणि “आरसा” एवढ्यात त्याचा दिवस जायचा. त्याच्या गॅरेजमध्ये दोघांनी सराव सुरू केला. सुरुवातीला ठिणगीची बोटं लाकडाची झाली होती आणि मुक्याचे खांदे धरायचे. पाच आणि सातची गाठ चुकून भलतीकडेच पडायची. ती स्वतःवरच ओरडायची. मग एका रविवारी गाठ बरोबर पडली, दोघे थांबले, गॅरेजच्या पत्र्यावर कुठलासा पक्षी चालल्याचं ऐकू आलं, आणि ती धून घेऊन उठली. मुक्याच्या बायकोने आतून येऊन दारात उभं राहून ऐकलं. जाताना म्हणाली, “माझा चहा उतू गेला तुमच्यापायी.”

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आवाजाची चाचणी होती. कॉम्प्युटर सांभाळणारा एक दाढीवाला माणूस ठिणगीजवळ आला आणि अगदी अदबीने म्हणाला, “मॅडम, तुमचा ऑर्गन आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकमध्ये आहेच. तुम्ही फक्त बरोबरीने वाजवा. चुकलात तरी टेन्शन नाही.”

“कसला ट्रॅक?”

“नवीन गाण्याचा. लहान केलंय ते.”

राजे उगवला तो थेट कार्यक्रमाच्या तोंडावर, तेव्हा ठिणगीने त्याला पडद्यामागे गाठलं. तिचा आवाज एवढा चढला की दिवे लावणारा शिडीवरून खाली वाकून बघू लागला.

“तू मला शब्द दिला होतास!”

“आयोजक ऐकत नाहीत. वेळ नाही. लोक ते चार मिनिटांचंच ऐकायला येतायत.”

“मग मला कशाला बोलावलंस? खुर्ची भरायला?”

“ठिणगी, प्लीज. बाहेर सगळे आलेत. तुझ्या घरचे पण.”

हे खरं होतं. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. लेक मैत्रिणींना घेऊन आली होती. लॅबमधली अख्खी मंडळी तिसऱ्या रांगेत बसली होती. निघून जायचं तर त्यांच्या डोळ्यांसमोरून जावं लागणार होतं. ती दात ओठ खात ऑर्गनमागे बसली. मुक्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवून ‘नाही’ म्हटलं, आणि काय नाही ते त्याला कळलं.

गाणं सुरू झालं. लोक ओरडले. ठिणगीने पहिली धून वाजवली, आणि ती परत येण्याआधी जिथे शांतता असायला हवी होती त्या जागी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

ऑर्गन वाजत राहिला.

तिच्यासमोर पट्ट्या निश्चल होत्या आणि सभागृहभर तिचा ऑर्गन वाजत होता, स्वच्छ, बिनचूक. तिने वाट पाहिली. कुणीतरी चमकेल, कुणीतरी शेजाऱ्याला कोपर मारेल. कुणीच नाही. लोक हात हलवत होते, फोन वर धरून चित्रण करत होते. तेवढ्यात मुक्याने काठ्या खाली ठेवल्या. ड्रमही वाजत राहिला. आता दोन माणसं हाताची घडी घालून बसली होती आणि त्यांचं वाजणं त्यांच्यावाचून चाललं होतं. काहींना ती गंमत वाटली, त्यांनी जास्तच टाळ्या पिटल्या. राजेने मागे वळून पाहिलं. त्याचं हसू तसंच राहिलं, मानेवरून घामाचा ओघळ तेवढा उतरला.

गाणं झाल्यावर तो पडद्यामागे तिच्यावर धावून आला. “माझी अब्रू घालवलीस तू!”

“कुठे गेली? कुणाला कळलं तरी का?” ठिणगी ओरडली. “आम्ही हात काढले, तरी कुणाला फरक पडला नाही! मला राग त्या लोकांचा नाही, राजे. त्यांना कुणी ऐकवलंच नाही. तू ऐकलं होतंस. त्या खोलीत तू होतास, तुझ्या अंगावरही काटा आला होता, मी पाहिलाय. माहीत असून कापलंस तू!”

राजेने रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला.

“माझं नाव काढ त्यावरून,” ती म्हणाली.

“नाव काढलं तर तू वाजवलंय हे कोणाला कळणार?”

“नको कळू दे.”

नाव निघालं. मुक्याचंही निघालं, त्याने एका ओळीत कळवून टाकलं. गाणं मात्र थांबलं नाही. ते कुठेही वाजायचं. एकदा किराणा घेताना दुकानाच्या छतातून सुरू झालं, तेव्हा ठिणगी भरलेली टोपली तिथेच जमिनीवर ठेवून बाहेर पडली. घरी त्या दिवशी साबणावाचून अडलं. नवरा स्वतः जाऊन घेऊन आला.

लॅबमध्ये कवळ्यांना पॉलिश करणारे एक वयस्क गृहस्थ होते. ते एक दिवस म्हणाले, “ताई, विचारू का? त्या दिवशी तुम्ही हात का उचलले?”

निदान एकाने पाहिलं होतं! ती सांगायला लागली, पण सांगून ते कळण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने घरून जुनी टेप आणि टेपरेकॉर्डर आणला आणि जेवणाच्या सुट्टीत लावला. पूर्ण, पहिल्यापासून. डबे उघडले, गप्पा चालू राहिल्या. पाच आणि सात एकमेकांत घुसू लागले तेव्हा कुणीतरी कपाळाला आठ्या घालून म्हणालं, “हे काय चाललंय?” हळूहळू गप्पा विरल्या. मग गाठ पडली, आवाज गेला.

“बंद पडलं वाटतं,” साचे ओतणारी बाई म्हणाली आणि तिने बटणाकडे हात नेला.

“हात लावू नकोस!” ठिणगी अशी कडाडली की बाईचा चमचा खाली पडला. आणि त्याच भेदरलेल्या शांततेतून ऑर्गन उठला.

पॉलिशवाल्यांचा घास हातातच राहिला. टेप थांबल्यावर त्यांनी तो हळूच डब्यात ठेवला, कोपरापर्यंत हात चोळले आणि म्हणाले, “हे तुम्ही?”

“छान आहे,” चमचा धुऊन आणत बाई म्हणाली, “पण लांबलंय हो फार.”

“लांबलंय तर लांबलंय,” ठिणगी म्हणाली. तिला हसू येतंय हे तिला आवडलं नाही, म्हणून ती उठून कामाला लागली.

राजेशी ती पुन्हा बोलली नाही. त्याने दोनदा फोन केला, तिने दोन्ही वेळा कापला. राग निवेल असं लेकीला वाटत होतं, तो निवला नाही. पण रविवारी आता ती मुक्याच्या गॅरेजमध्ये असते. दोघांनी नवीन काहीतरी सुरू केलं आहे. त्याला नाव नाही, शेवटही अजून सापडलेला नाही. परवा त्यावरून त्यांचं जोरदार भांडण झालं. नऊ मात्रांचा तुकडा मुक्याच्या मते फार हळू होता, ठिणगीच्या मते तो घाई करत होता.

“ब्रेक,” ती म्हणाली.

“ॲक्सिलरेटर,” मुका म्हणाला, आणि दोघांनी तो तुकडा पुन्हा वाजवायला घेतला.