भावाला बंद, बहिणीला चालू

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मी. बी.एस्सी. झालो आणि गल्लीत कुणाचाही रक्ताचा रिपोर्ट आला की आधी माझ्याकडे यायला लागला. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज लिंगपूजा झाली की तीर्थासोबत ॲस्पिरिनची छोटी गोळी घ्यायचे. रक्त पातळ ठेवणारी. त्यांना कधी अटॅक आला नव्हता. जुन्या डॉक्टरांनी आपली खबरदारी म्हणून दिलेली. बोरी गावात दिलेली माझी आत्याही तीच गोळी घेते. तिला मात्र अटॅक येऊन गेलाय, हृदयाच्या नळीत जाळी बसवलीय.

यंदा आप्पांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. परभणीत नव्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "ही बंद करा. ज्यांना कधी अटॅक आला नाही अशा वयस्कर लोकांत फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका जास्त, असं अलीकडच्या संशोधनात दिसलंय."

ऑटोत आप्पा माझ्यावरच घसरले. "मंग आधीचा डॉक्टर येडा व्हता का? इतके दिस तीर्थासंगं म्या काय ईख खाल्लं?"

"तेव्हा तसंच मानायचे आप्पा. आता नवं कळलंय."

"आन उद्या आजून नवं कळलं मंग?"

मी ऑटोवाल्याला आमच्या गल्लीचं वळण दाखवलं.

आप्पांनी घरी येऊन आत्याला फोन लावला, हे मला माहीत नव्हतं. आमच्यात भावाचं पथ्य ते बहिणीचं. आप्पांनी वांगं सोडलं तेव्हा तिनंही सोडलेलं. पुढं तिचाच मला फोन आला. "बरं झालं बाबा, माझीबी गोळी सुटली."

मी तशीच गाडी काढली.

आत्या ओट्यावर शेंगा फोडत होती. "लेका, धापा कशापायी टाकायलास?"

"आत्या, गोळी चालू कर. आत्ता. तुला जाळी आहे."

"एका आईच्या पोटचे आमी. गोळी एकच. त्याला ईख आन मला अमृत, आसं कसं रे?"

"तुला अटॅक येऊन गेलाय. त्यांना आलेला नाही."

"म्हंजी त्याला आला की चालू करायची? आधी न्हाई?"

इथं माझं बी.एस्सी. संपलं. मी परभणीच्या डॉक्टरांना फोन लावला, आत्याच्या जाळीचं सांगितलं आणि स्पीकरवर टाकला.

"मावशी, बंद करू नका," डॉक्टर म्हणाले. "जाळीत गुठळी झाली तर जिवावर बेतेल."

"आन माझ्या भावाला अटॅक आला तर?"

"येणारच नाही असं मी म्हणत नाही. एकेका माणसाचं आधी कळत नाही. हजारो लोकांत काय झालं ते बघून आम्ही ठरवतो."

"माझा भाऊ येकच हाय," आत्या म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

तिनं माझ्यासमोर गोळी गिळली. मग विचारलं, "तुला तरी पटलंय का?"

तिच्या गोळीचं मला पटलंय. आप्पांची बंदच आहे, हिरड्यांतलं रक्तही थांबलंय. तरी ते जिना चढताना मध्येच उभे राहिले की मी नुसता त्यांच्या छातीकडे बघत राहतो.