पाठमोरा डिटेक्टिव्ह

कॅसेट चुकीची आली होती. सव्वीस जानेवारीला आमच्या मुलुंडच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा असायची आणि पूजेनंतर दुपारी व्हिडिओ. कोपऱ्यावरच्या मोठ्या खोलीत भाड्याचा कलर टीव्ही मांडायचा, खिडक्यांना चादरी लावायच्या आणि सगळ्या चाळीने आत दाटीवाटीने बसायचं. मागवला होता देवादिकांचा पिक्चर. लागला तो इंग्रजी, आणि त्यात एक काळा माणूस लांब कातडी कोट घालून भर रस्त्यातून चालत होता. व्हिडिओवाला तोवर सायकलवर टांग मारून पसार झाला होता. बायका म्हणाल्या बंद करा, पुरुष म्हणाले भाडं दिलंय, चालू दे. मग कुणीतरी ओरडलं, "अगं ए, तू सांग ना काय बोलतात ते! ऑफिसात इंग्लिश टायपिंग करतेस ना?"

मी करत होते खरी. टायपिंग बोटांनी होतं, त्याला भाषा यावी लागत नाही, हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. मला तेविसावं चालू होतं, चारचौघांत मान मिळत होता, तो कोण सोडतो? मी टीव्हीशेजारी जाऊन बसले आणि सांगायला लागले.

तो माणूस खाजगी डिटेक्टिव्ह आहे एवढं दारावरच्या काचेवर लिहिलेलं वाचता आलं. बाकी त्यांचं बोलणं मला अक्षरशः ओ की ठो कळत नव्हतं. पण बघून पुष्कळ कळतं. कुणाची तरी मुलगी पळवलेली, पोलिसांना ती सापडत नाही, म्हणून मोठे मोठे लोक याच्याकडे येतात. आमच्याकडे तेव्हा अशा माणसाला सर्रास 'हबशी' म्हणत, मीही म्हटलं, आणि त्याची आज लाज वाटते. पहिली दहा मिनिटं खोलीत खिदळणं चाललं होतं. मग ते थांबलं. कारण पडद्यावर कुणीच त्याला हसत नव्हतं. तो चालायला लागला की गाड्या थांबत. एवढा काळा माणूस, आणि पिक्चर त्याच्या मालकीचा.

माझा मोठा भाऊ दाराशी उभा राहून बघत होता. दादा तव्यासारखा काळा, सहा फूट उंच. गिरणीत बदली कामगार होता. संप फसला आणि आम्ही लालबागची खोली विकून इकडे मुलुंडला आलो, तेव्हापासून मिळेल ते करायचा. समोरच्या खोलीतल्या मालवणच्या काकींचा मुलगा त्याचा जिवलग दोस्त. दोघे एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते. आता दोघेही पिक्चरच्या शूटिंगला गर्दीतली माणसं म्हणून जायचे. दोस्त गव्हाळ होता, त्याला लग्नाच्या वरातीत नाहीतर कोर्टात बसवत. दादाला दर वेळी स्मगलरच्या मागे उभं करत. बंदूक लाकडाची आणि तोंडावर सावली.

पिक्चरमध्ये एक प्रसंग होता. मोठ्या टेबलामागे बसलेला गोरा साहेब डिटेक्टिव्हला काहीतरी सुनावतो. डिटेक्टिव्ह हसतो, दोन वाक्यं बोलतो आणि निघून जातो. खोली माझ्याकडे बघायला लागली. मला एक शब्द कळला नव्हता.

आता मध्ये माझं एक सांगायला हवं. दादासारखीच मीही काळी. त्याच महिन्यात मला दुसऱ्यांदा बघायला आले होते, आणि मुलाच्या मावशीने पोह्यांची बशी खाली ठेवून म्हटलं होतं, "मुली, जरा खिडकीपाशी बस. इथे नीट कळत नाही." मी बसले. पुढच्या आठवड्यात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. रंग आवडेना की पत्रिका जुळेना, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या मावशीला द्यायचं उत्तर माझ्या घशात दोन आठवडे अडकलं होतं, आणि ते मी त्या डिटेक्टिव्हच्या तोंडी घातलं.

"तो म्हणतो," मी म्हणाले, "मला बघायचं तर उजेडात बघ. नाहीतर काम दुसऱ्याला दे."

खोलीत शिट्ट्या झाल्या. दादाने शिट्टी मारली नाही. तो चादर लावलेल्या खिडकीकडे बघत उभा होता.

त्यानंतर त्याला त्या माणसाने झपाटलं म्हणा ना. कॅसेट परत जायच्या आत त्याने ती पुन्हा दोनदा बघितली. कातडी कोट कुठून परवडणार? रिक्षांच्या सीटा शिवणाऱ्याकडून त्याने काळ्या रेक्झिनचा कोट शिवून घेतला. एप्रिलच्या उन्हात तो घालून स्टेशन रोडने चालायचा. पोरं मागे लागत, भाजीवाल्या हसत. हा सरळ पुढे बघून, एक खांदा किंचित खाली टाकून, थांबलेल्या रिक्षांच्या मधून आरपार. घरी आला की कोटातून घामाचं पाणी निथळायचं. आई म्हणायची, "वेड लागलंय मेल्याला." मला मात्र वाटायचं, चालतो बाकी झकास.

तो डिटेक्टिव्ह फक्त आमच्या चाळीतच शिरला नव्हता. जरा डोळे उघडे ठेवून बघितलं तर त्या वर्षांत तो हिंदी पिक्चरमध्ये जागोजागी दिसायचा. एकटा माणूस, लांब कोट, मागून टाळी दिल्यासारखी वाजणारी गिटार, पोलिसांनाही न जुमानणारा. त्यांनी कोट घेतला, चाल घेतली, बाजा घेतला. रंग तेवढा तिथेच ठेवला. आपल्याकडे तो कोट नेहमी कुठल्यातरी गुलाबी गालाच्या हिरोच्या अंगावर असायचा. आणि याचं कुणाला काही वाटत नव्हतं, चाळीतल्या काळ्या माणसांनाही नाही.

असाच एक पिक्चर अंधेरीला सुरू झाला. माणसं पुरवणाऱ्या सप्लायरने दादाला आणि दोस्ताला बाजाराच्या गर्दीत उभं केलं. हिरोला ती चाल काही केल्या जमेना. तो परेड केल्यासारखा चालायचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दादा आपला सहज त्या सेटच्या रस्त्यावरून चालून गेला. सहज कसला, मुद्दामच. डिरेक्टरच्या हातातला घास तसाच राहिला. "अबे, यह कौन है? यही चाहिए मेरेको!"

दादा घरी आला तो पळतच. "अगं, मला घेतलं! डिटेक्टिव्ह म्हणून घेतलं!"

दोन दिवसांनी कळलं की पाठमोरा घेतलं आहे. चालताना, जिना चढताना, पळताना, मागून दिसेल तो दादा. वळून तोंड दिसेल तो हिरो. आणि मानेचा, कानांचा, हातांचा रंग जुळायला हवा म्हणून मेकअपमन रोज तासभर दादाला गोरा करायचा. घरी आला तरी कानाच्या पाळीमागे गुलाबी थर राहिलेला असे. आईला तो दिसला तेव्हा ती ओला पंचा घेऊन पुसत बसली.

दादाने पहिल्याच दिवशी डिरेक्टरला एक विनंती केली होती. एक शॉट तोंड दिसेल असा द्या. डिटेक्टिव्ह म्हणून नको, रस्त्यावरचा कुणीतरी म्हणून द्या, पण हा रंग धुऊन, दिवसाढवळ्या. डिरेक्टर म्हणाला होता, देखेंगे. तीन आठवडे देखेंगे चाललं. दादा रोज रात्री विचारायचा, "देईल ना गं?" मी म्हणायचे, देईल. त्याला दुसरं काही नको होतं. पैसे वाढवून नको होते, नाव नको होतं. थेटरात आईला बोट दाखवून सांगता यावं, हा मी, एवढंच.

मग उडीचा दिवस आला. बोरीवलीला अर्धवट बांधलेली एक बिल्डिंग होती. तिच्या तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून डिटेक्टिव्ह पळत येऊन खाली उडी मारतो, खाली पुठ्ठ्याचे खोके आणि गाद्या रचलेल्या. त्या उडीबरोबर पाठमोऱ्या माणसाचं काम संपणार होतं. दादा कोट घालून, मान रंगवून तयार होता. चढायच्या आधी त्याने तोंडाच्या शॉटचं विचारलं. डिरेक्टर वैतागला. म्हणाला, अरे, तुझं तोंड बघायला कोण तिकीट काढणार?

आणि सगळ्या युनिटसमोर दादा हसला. अगदी त्या माणसासारखा हसला असेल, मी गेली कित्येक वर्षं ते हसू डोळ्यांपुढे आणते आहे. तो म्हणाला, "देखना है तो उजाले में देखो. नहीं तो काम दूसरे को दो."

त्यांनी दुसऱ्याला दिलं. त्यात एक मिनिटसुद्धा गेलं नाही. मागे रांगेत माणसं उभीच होती, आणि पुढे काकींचा मुलगा होता. त्याने दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "घे रे, तू कर. माझं काय नाय." मेकअपमनला बरंच झालं, गव्हाळ मानेला अर्धाच रंग लागला.

कोट हिरोच्या आणि दादाच्या मापाचा होता. दोस्त दादापेक्षा वीतभर बुटका. टाचेपर्यंत येणारा कोट कुणी वर दुमडला नाही, ऊन उतरायच्या आत शॉट उरकायचा होता. स्लॅबच्या कडेशी पाय कोटाच्या घेरात अडकला. तो उडाला, पण जिकडे खोके होते तिकडे नाही.

त्याला आणला तेव्हा त्याच्या मानेवर तो गुलाबी रंग तसाच होता. काकींनी विचारलं, ह्या काय लावलंत माझ्या झिलाक? कंपनीचा माणूस एकदा येऊन हात जोडून गेला, परत आला नाही.

तेराव्यानंतर मी दादाला खरं सांगितलं. सकाळची पाण्याची वेळ होती, तो नळावर हंडा धरून उभा होता. मी म्हटलं, "दादा, ते वाक्य त्या पिक्चरमध्ये नव्हतं. मी बनवलं होतं."

तो हंड्याकडेच बघत राहिला. "मग तो काय म्हणाला होता?"

"मला नाही माहीत. मला काहीच कळत नव्हतं."

"हसला होता ना पण?"

"हो. हसला होता. ते खरं."

हंडा भरून वाहायला लागला तरी त्याने नळ बंद केला नाही. मागच्या बायका ओरडल्या तेव्हा त्याने हंडा उचलला. मला शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. तो पुन्हा कधी शूटिंगला गेला नाही. नाहूरच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला.

पिक्चर सात-आठ महिन्यांनी आला. काकी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "माका दाखवूक व्हरा," म्हणाल्या. त्यांना पोराला पडद्यावर बघायचं होतं. आम्ही खूप समजावलं, पण ऐकेनात. शेवटी मी, दादा आणि काकी मॅटिनीला गेलो. त्या मधे, मी एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला.

पहिल्याच रिळात तो कोट आला. बाजारातून पाठमोरा, एक खांदा खाली टाकून, गाड्यांच्या मधून आरपार. थेटरात शिट्ट्या पडल्या. ती चाल मी मुलुंडच्या स्टेशन रोडवर हजारदा बघितली होती. काकींनी माझा हात धरला. "गो, तू सांग माका. ह्यो माझो मा?"

मी दादाकडे बघितलं नाही. "हो काकी. तुमचाच."

जिना आला. "ह्यो?" हो काकी. पावसात उभा राहिलेला आला. "ह्यो पण?" हो काकी, हा पण. सगळ्या पिक्चरभर मी हो म्हणत गेले. काकी दर वेळी पुढे वाकून बघायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. दादाचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

मग तो स्लॅब आला. त्यांनी तो शॉट ठेवला होता. कोट पळत आला, कडेशी किंचित अडखळला आणि उडाला, आणि लगेच पुढच्या शॉटला हिरो खोक्यांमधून उठून कोट झटकत होता. मध्ये काहीच नव्हतं. या वेळी काकींनी मला विचारलं नाही. माझा हात सोडून त्यांनी छातीशी हात धरला आणि श्वास सोडला.

"माझो उठलो गो," त्या म्हणाल्या. "बघ, उठलो."

मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी दादाकडे वळून विचारलं, "आणि तू खंय रे ह्येच्यात? तू पण होतंस ना? माका दाखवलंस नाय."

"मी नाय, काकी," दादा म्हणाला. "मी ह्येच्यात नाय."