वैष्णवीने दाखवलेला कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा लिहिलेलं फाडून टाकलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित — जाऊ दे. सांगतेच.

मी येरवड्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. बरीच वर्षं झाली. आमच्या मुलांचं एक मोठं दुखणं होतं — उताऱ्यावरचे प्रश्न. घरी वाचणारं कुणी नाही, पुस्तक नाही, आणि पेपरात उतारा येणार हिमनद्यांवर. मुलं रडकुंडीला यायची. मग मी एक युक्ती काढली. उतारा वाचत बसू नका, आधी प्रश्न वाचा. प्रश्नातला मोठा शब्द हेरा, तो उताऱ्यात शोधा, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि ते वाक्य उतरवून काढा. झालं उत्तर! मार्क वाढले. मुख्याध्यापिका खूश. दुसऱ्या शाळांचे शिक्षक माझा तास बघायला येऊ लागले.

मुलांना समजत काहीच नव्हतं, हे मला ठाऊक होतं का? होतं. एकदा मी मुद्दाम फळ्यावर लिहिलं — 'टिंबळ्याने सकाळी घोंबी भुरकटली.' आणि खाली प्रश्न — टिंबळ्याने सकाळी काय भुरकटले? सगळ्या वर्गाने लिहिलं, घोंबी. एकानेही विचारलं नाही, की बाई, घोंबी म्हणजे काय? मी हसले. स्टाफरूममध्ये सांगून सगळ्यांना हसवलं. आणि दुसऱ्या दिवशी तास तसाच घेतला.

पण सांगायचं आहे ते हे नाही. असं बरेच शिक्षक करतात — बघा, पुन्हा आडोसा शोधायला लागले.

वैष्णवी सातवीत होती. नांदेडकडून आलेलं कुटुंब. वडील बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला, आई चार घरी पोळ्या करायची. दोघांनाही वाचता येत नव्हतं. घरात येणारा प्रत्येक कागद — लाइटबिल, रेशनचं काही, धाकट्या भावाच्या लसीचं कार्ड — वैष्णवी वाचायची. माझी युक्ती तिच्याइतकी नेटकी कुणीच उचलली नव्हती. तिच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : आकलन उत्तम.

त्या वर्षी त्यांची वस्ती पाडून तिथल्या लोकांना इमारतीत घरं द्यायचं ठरलं. घरोघरी दोन पानी नोटीस आली. ती घेऊन वैष्णवी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. मी व्हरांड्यात होते, घाईत होते. तास बघायला पाहुणे येऊन बसले होते. तिने कागद पुढे धरला. एका वाक्याखाली पेन्सिलीची सरळ रेघ — 'यादीत नाव असलेल्या कुटुंबांना घर देण्यात येईल.'

"बाई, आमचं नाव आहे यादीत. म्हणजे आम्हाला मिळणार ना?"

मी रेघेवरचं वाक्य पाहिलं. तेवढंच. म्हणाले, "बरोबर. शाब्बास." आणि वर्गात गेले.

त्या वाक्याच्या पुढे 'मात्र' होतं. मात्र ठरलेल्या तारखेआधी मूळ कागदपत्रं घेऊन तपासणीला न आल्यास नाव वगळण्यात येईल. ते मी कधी वाचलं? नाव वगळल्यावर.

वैष्णवीची आई शाळेत आली तेव्हा तिच्या हातात तोच कागद होता. सगळी वस्ती तपासणीला जाऊन आली होती. फक्त वैष्णवीच्या घरचे गेले नाहीत; म्हणत राहिले, आपल्या पोरीनं वाचलंय, तिच्या बाईंनी बघितलंय. मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिने मला हात जोडले.

"बाई, पोरगी म्हणायली, तुम्हाला दाखवला होता कागद. तेवढं लिहून द्या. शाळेचं पत्र जोडलं तर हापिसवाले अर्ज घेतो म्हणायलेत."

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. "दाखवला होता का हो तिने?"

एक शब्द होता. हो. किती वेळ लागतो हो म्हणायला? मला पाहुण्यांचा तास आठवला, माझं नाव आठवलं, मुख्याध्यापिकांचा चेहरा दिसला. मी म्हणाले, "नाही. मला कुणी काही दाखवलं नाही." आणि एवढ्यावर थांबले नाही — कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "तसं तिचं वाचन कच्चंच आहे."

वैष्णवी दारात उभी होती. मला वाटलं, आता ओरडेल. खरं सांगू? ती ओरडली असती तर मी कदाचित कबूल केलं असतं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "नव्हता दाखवला, मम्मी. मी खोटं बोलले."

आईने तिथेच तिच्या पाठीत धपाटा घातला. मी पुढे झाले, आईचा हात धरला आणि म्हणाले, "मारू नका हो, लहान आहे." म्हणजे दयाळूसुद्धा मीच ठरले.

महिन्याभरात त्यांचं घर पाडलं. वैष्णवीचा दाखला न्यायला वडील आले. अर्ज मंजूर झाला असता की नाही, मला माहीत नाही. तो कधी घेतलाच गेला नाही, एवढं माहीत आहे.

तीन वर्षं मी हे गिळून बसले. वर्गात कुणी पेन्सिलीने रेघ मारायला लागलं की मी फळ्याकडे वळायचे. गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या एका मुलीकडून पत्ता मिळाला आणि एका रविवारी लोणी काळभोरला गेले. बसमध्ये वाक्य तयार करत होते — तिने मला कागद दाखवला होता, खोटं मी बोलले. एवढंच वाक्य. तोंडातल्या तोंडात कितीदा म्हटलं असेल!

पत्र्याची एक खोली. आईने ओळखलं, सतरंजी अंथरली, स्टोव्ह पेटवला. वैष्णवी कोपऱ्यात भाजी निवडत होती. उंच झाली होती. शाळा सुटली होती, रोपवाटिकेत पिशव्या भरायला जात होती. मला बघून उठली, पाया पडली. मग पुन्हा भाजीपाशी जाऊन बसली.

आई म्हणाली, "आता कागद आला की वाचतच नाही बघा ही. हातातच घेत नाही. शेजारच्याला बोलवावं लागतं." मग माझ्या हातात कप देत म्हणाली, "तुमचा काय दोष, बाई. हिच्यापायी गेलं घर. खोटं बोलली नसती तर..."

वैष्णवीने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं — आणि थांबली. मी बोलेन म्हणून थांबली होती. हे मला कळलं. मला नीट कळलं.

आईने विचारलं, "साखर बरोबर हाय ना?"

मी म्हणाले, "हो."

वैष्णवी पुन्हा भाजी निवडू लागली. मी चहा संपवला, निघते म्हणाले, निघाले. खोटं मी बोलले होते. त्या घरात ते अजून तिच्याच नावावर आहे.